चाळीस प्रश्न, साठ मिनिटं

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र गेले पंधरा दिवस माझ्या टेबलावर आहे. पत्र चार पानी, अक्षर मोत्यासारखं. लोणच्याला बुरशी का येते, दहावीच्या मुलीला पहाटे उठवावं की नाही, सासूबाईंचं पथ्य आणि मुलांच्या आवडी एकाच स्वयंपाकात कशा बसवाव्यात, अशी पत्रं या सदराला नेहमीची. या भगिनींनी मात्र विचारलं आहे, आय.ई.एल.टी.एस. या इंग्रजीच्या परीक्षेतला वाचनाचा पेपर साठ मिनिटांत पुरा कसा करायचा?

हे आपल्या सदरात बसतं का, असं आधी वाटलं. पण पत्र पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं की प्रश्न अगदी घरातलाच आहे. यजमान कॉम्प्युटरच्या नोकरीत. कॅनडाला जायचं घाटतं आहे. दोघांनी परीक्षा दिली. यजमानांचं छान झालं. यांना बोलण्यात आणि ऐकण्यात साडेसहा, लिहिण्यात सहा, आणि वाचनात साडेपाच. शेवटचे आठ प्रश्न कोरे राहिले, कारण वेळ संपली. तेव्हापासून घरात कुणी आलं-गेलं की सासूबाई सांगतात, "सगळं ठरलं होतं, हिच्या इंग्रजीपायी अडलंय." यजमान काही बोलत नाहीत. या भगिनी लिहितात, त्यांचं न बोलणंच जास्त लागतं. परीक्षेची फी आता सतरा-अठरा हजारांच्या घरात गेली आहे. त्या पैशात आमच्या घरचे वर्षाचे गहू-तांदूळ भरून होतील, पुन्हा मागायचे कोणत्या तोंडानं, असंही त्यांनी विचारलं आहे.

ठाण्याला काय, कल्याण-डोंबिवलीला काय, या परीक्षेच्या क्लासांच्या पाट्या आता कुणाला नवीन नाहीत. तरी ज्या मैत्रिणींना परीक्षा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग. प्रत्येकात नऊपर्यंत श्रेणी मिळते, अर्ध्या-अर्ध्यानं चढणारी. तिला बँड म्हणतात. पास-नापास हा प्रकार इथे नाही. आपल्याला ज्या कामासाठी जितका बँड हवा, तितका मिळाला की झालं. निकाल दोन वर्षं चालतो. परदेशी कॉलेजात शिकायला जाणाऱ्यांचा वाचनाचा पेपर वेगळा, त्याला ॲकॅडेमिक म्हणतात. कायमचं राहायला जाणाऱ्यांचा वेगळा, तो जनरल ट्रेनिंग. पण चाळीस प्रश्न आणि साठ मिनिटं हा हिशेब दोन्हीकडे सारखाच.

आता आधी घरातल्या बोलण्याचं पाहू, कारण ते डोक्यात घेऊन अभ्यासाला बसलं तर साठाची नव्वद मिनिटं दिली तरी पुरणार नाहीत. कॅनडाची एक्स्प्रेस एन्ट्री म्हणून जी पद्धत आहे, तिच्यात अर्जाला जास्तीत जास्त १२०० गुण असतात. जोडप्याच्या अर्जात मुख्य अर्जदाराच्या पहिल्या भाषेला १२८ पर्यंत गुण मिळतात, आणि जोडीदाराच्या भाषेला किती? सगळे मिळून २०. चार भागांना पाच-पाच. वाचनात साडेपाच बँड असेल तर एक गुण, सहा असेल तर तीन, सात असेल तर पाच. म्हणजे या बाईंच्या साडेपाचामुळे जे "सगळं अडलंय" ते दोन गुणांनी, फार तर चार गुणांनी. यादी कधीकधी दोन गुणांवरही अडते, हे खरं आहे आणि म्हणून पुन्हा प्रयत्न करायलाही हरकत नाही. पण १२०० तल्या चार गुणांचं खापर एकट्या सुनेच्या डोक्यावर फोडायचं, हा कुठला न्याय? हा तक्ता कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहायला मिळतो. नियम मधूनमधून बदलतात, तेव्हा अर्जाच्या वेळी पुन्हा पाहावा. पण ताई, आज रात्री जेवणं झाल्यावर तो यजमानांसमोर ठेवा. आईला समजावण्याचं काम त्यांचं, तुमचं नव्हे.

आता पेपराकडे वळू. तुम्ही लिहिलं आहे, "माझं इंग्रजीच कच्चं, मराठी माध्यमाची आहे ना." मला हे पटलं नाही. जनरल ट्रेनिंगच्या वाचनात सहा बँडला साधारण तीस उत्तरं बरोबर लागतात आणि सात बँडला चौतीस. पेपर सोपा-अवघड असेल तसं एखाददुसरं इकडे-तिकडे. तुम्ही मुळात बत्तीसच प्रश्न सोडवले आणि साडेपाच मिळवले. म्हणजे सोडवलेल्यातली बरीचशी उत्तरं बरोबर आली असणार. इंग्रजी कच्चं असतं तर हे झालं नसतं. कच्चं आहे ते घड्याळ.

बरं, घड्याळाचाही हिशेब मांडून पाहा. सगळे उतारे मिळून शब्द असतात दोन हजारांहून थोडे जास्त ते पावणेतीन हजार. अडीच हजार धरू. मिनिटाला सव्वाशे शब्द म्हणजे सावकाश, मोठ्यानं वाचायचा वेग. त्या वेगानंही सगळा मजकूर वीस मिनिटांत एकदा वाचून होतो! उरतात चाळीस मिनिटं, चाळीस प्रश्नांना. तेव्हा "माझा वाचनाचा वेग कमी" हे कारणही टिकत नाही. वेळ वाचण्यात जात नाही, तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचण्यात जाते, आणि एका प्रश्नाला चिकटून बसण्यात जाते.

तुमच्या पत्रातच एक वाक्य आहे, ते मला फार बोलकं वाटलं. तुम्ही वाचनालयातून आठवड्याला दोन कादंबऱ्या आणता आणि "पान सोडून वाचायची मला सवयच नाही." तिथेच गोम आहे. तुम्ही चांगल्या वाचक आहात आणि चांगली वाचक या पेपरात हमखास अडकते. कादंबरी आपण रमण्यासाठी वाचतो. परीक्षेतला उतारा मधमाश्यांवर असो, जुन्या घड्याळांवर असो की चहाच्या मळ्यांवर, त्यात रमलं की पाच मिनिटं गेलीच. इथे आपण पाहुण्या नाही, इथे आपल्याला काहीतरी हुडकायला पाठवलंय. लोकलचं वेळापत्रक आपण पहिल्या गाडीपासून कधी वाचतो का? डोंबिवली कुठे, आपली वेळ कुठे, एवढंच पाहून नजर काढून घेतो. तसं वाचता येतं आपल्याला. पण इंग्रजी दिसलं की आपण शाळेतल्यासारखं बोट ठेवून पहिल्या शब्दापासून सुरू करतो.

आणि मनातल्या मनात मराठी करत जातो. हे तर मराठी माध्यमाच्या पुष्कळ जणींचं होतं. वाक्य इंग्रजीत वाचायचं, मराठीत फिरवायचं, मग प्रश्न वाचायचा, तोही फिरवायचा. मधेच एखादा अनोळखी शब्द आला की गाडी तिथेच उभी. अहो, ऐतिहासिक कादंबरी वाचताना 'मुतालिक' आला, 'जासूद' आला, तर आपण कोश काढून बसतो का? संदर्भानं अंदाज घेतो आणि पुढे जातो. इंग्रजीत तेवढाच धीर धरायचा. शब्दाखाली रेघ मारा आणि चाला पुढे. त्या शब्दावर प्रश्नच नसेल तर त्याचा अर्थ कळून आपल्याला काय करायचंय? ही फिरवायची सवय मात्र एका दिवसात सुटत नाही. रोज दहा मिनिटं इंग्रजी वर्तमानपत्रातली एखादी साधी बातमी, मराठी न करता, एका दमात वाचायची. नंतर पेपर मिटायचा आणि त्यात काय होतं ते स्वतःला दोन वाक्यांत सांगायचं. सांगताना मराठीत सांगितलंत तरी चालेल. वाचताना नको.

क्लासमध्ये तुम्हाला सांगितलं, उतारा वाचूच नका, सरळ प्रश्नांवर जा. हा सल्ला मला अर्धाच पटतो. जनरल ट्रेनिंगमध्ये पहिल्या भागात जाहिराती, सूचना, वेळापत्रकं असतात, तिथे तो ठीक आहे. पोहण्याचे वर्ग कितीला सुरू होतात, हे शोधायला सबंध पत्रक वाचायची गरज नाही. दुसरा भाग नोकरीधंद्याशी संबंधित असतो, रजेचे नियम, नव्या कामगारांना सूचना, असलं काही. तिथेही बरंचसं चालून जातं. पण तिसरा भाग म्हणजे एकच लांबलचक लेख. तिथे परिच्छेदांना शीर्षकं जुळवायची असली, तर परिच्छेद न वाचता कशी जुळवणार? तो लेख एकदा, झपझप, चार-पाच मिनिटांत वाचून काढावा. प्रत्येक परिच्छेदाशी एक-दोन शब्द टिपून ठेवावेत, 'इतिहास', 'खर्च', 'विरोध' असे. मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावतो ना, तशा. मग प्रश्न आला की सगळे डबे उघडावे लागत नाहीत.

वेळेच्या दृष्टीनं एक गोष्ट फार उपयोगाची आहे. काही प्रश्नांची उत्तरं उताऱ्यात त्याच क्रमानं येतात ज्या क्रमानं प्रश्न आहेत. वाक्य पुरं करा, आणि ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन, हे त्या जातीचे. पहिल्याचं उत्तर दुसऱ्या परिच्छेदात सापडलं आणि तिसऱ्याचं चौथ्यात, तर दुसऱ्याचं त्यांच्या मधेच कुठेतरी असणार. सबंध उतारा पालथा घालायचा नाही. उलट, कोणती माहिती कोणत्या परिच्छेदात आहे ते शोधा, किंवा शीर्षकं जुळवा, या प्रश्नांना हा क्रम नसतो. म्हणून एका उताऱ्यावर दोन्ही तऱ्हेचे प्रश्न असले तर मी तरी आधी क्रमाचे सोडवीन. ते सोडवता सोडवता उतारा आपोआप ओळखीचा होतो आणि मग जुळवाजुळव सोपी जाते.

सगळ्यांत जास्त वेळ खातो तो नॉट गिव्हन. एक मराठीतलं उदाहरण घेते. समजा उतारा असा आहे: 'बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. अंतर सुमारे ३४ किलोमीटर होतं. गाडीला चौदा डबे होते आणि चारशेच्या आसपास निमंत्रित पाहुणे होते. पुढल्या वर्षी, १८५४ मध्ये, रेल्वे कल्याणपर्यंत गेली.' आता विधानं पाहा. पहिल्या गाडीत निमंत्रित पाहुणे होते: ट्रू. रेल्वे कल्याणला आधी आणि ठाण्याला नंतर आली: फॉल्स, कारण उतारा बरोबर उलटं सांगतो. पाहुण्यांमध्ये स्त्रियाही होत्या: इथे आपण थांबतो. असतील की! किंवा त्या काळात कुठल्या नेणार, असंही वाटतं. आपल्याला काय वाटतं, हे कुणी विचारलेलं नाही. उताऱ्यात त्याबद्दल अवाक्षर नाही, म्हणून नॉट गिव्हन. फॉल्स म्हणायचं तर उताऱ्यानं विधान खोडून काढलं पाहिजे. नुसतं मौन म्हणजे नकार नव्हे. (घरात मात्र आपण पुष्कळदा मौनाचा अर्थ लावत बसतो, यजमानांच्यासुद्धा. असो.)

नसलेली गोष्ट शोधण्यात किती वेळ जातो ते पाहा. पाकीट हरवलं असेल तर निदान सापडेपर्यंत शोधता येतं, पण मुळात नव्हतंच तर शोध थांबणार कधी? म्हणून मर्यादा आधीच घालून घ्यायची. अलीकडल्या-पलीकडल्या प्रश्नांच्या उत्तरांमधला भाग दोनदा नजरेखालून घाला. विधानाला दुजोरा नाही, विरोधही नाही, तर नॉट गिव्हन लिहा आणि निघा. तिसऱ्यांदा मागे फिरायचं नाही.

हे 'निघा' म्हणणं सोपं, करणं आपल्याला जड जातं. आपल्या सगळ्या संसाराची शिस्तच हातातलं काम पुरं करून मग दुसरं घ्यायची. अर्धी भाजी चिरून उठणारीला आपण काय म्हणतो ते सांगायला नको. पण या पेपरात प्रत्येक प्रश्नाला एकच गुण. पोहण्याच्या वर्गाची वेळ सांगणाऱ्याला एक आणि शेवटच्या लेखातल्या सर्वांत किचकट प्रश्नालाही एकच. चुकलं तर गुण कापत नाहीत. तुमचं तिसऱ्या उताऱ्यातल्या एका शीर्षकाशी सहा-सात मिनिटं भांडण चाललं होतं, असं तुम्ही लिहिता. त्या सहा मिनिटांत शेवटच्या आठांतले निदान चार सुटले असते. दीड मिनिटात उत्तर हाती आलं नाही की मनाला पटेल ते लिहायचं, बाजूला खूण करायची आणि पुढे जायचं. कोरी जागा एकही ठेवायची नाही. शेवटचं मिनिट उरलं आणि पाच प्रश्न राहिले, तर न वाचतासुद्धा पाच उत्तरं भरून टाका. दोन बरोबर आली तर तुमच्या बाबतीत तीच साडेपाचाची सहा करतील.

साठ मिनिटांची वाटणी वीस-वीस-वीस अशी सगळीकडे सांगतात. जनरल ट्रेनिंगसाठी मला ती बरी वाटत नाही, कारण तीन भाग सारखे जड नसतात. पहिल्याला पंधरा, दुसऱ्याला अठरा, तिसऱ्याला तेवीस, आणि शेवटी चार मिनिटं खुणा केलेल्या प्रश्नांसाठी. पंधराव्या मिनिटाला पहिल्या भागातले दोन राहिले असले तरी उठायचं. ॲकॅडेमिक देणाऱ्यांनी मात्र वीस-वीसच धरावं, तिथे तिन्ही उतारे लांबच असतात. तिकडे सात बँडला तीसच्या आसपास बरोबर उत्तरं पुरतात. कल्याणच्या एका परिचारिका भगिनींनी मागे विचारलं होतं. इंग्लंडच्या परिचारिका नोंदणीला वाचनात सात लागतात, लिहिण्यात साडेसहा चालतात. त्यांनी चाळीसच्या चाळीस सोडवायच्या हट्टानं झोप घालवू नये.

आता घरातल्या तासाचं. मला तर हाच सगळ्यांत अवघड भाग वाटतो. तासभर सलग बसायला मिळतं कुठे? बाई दार लोटून बसली की साऱ्या घराला तिची आठवण होते. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात, पार्सलवाला येतो, मुलाचं पट्टीपेन्सिल नेमकं तेव्हाच हरवतं. आपला एक कान सदैव घराकडे असतो आणि परीक्षेच्या खोलीत गेल्यावरही तो तसाच राहतो. मग शेजारच्या खुर्चीचा आवाजही ऐकू येतो आणि ओळ सुटते. म्हणून सुट्या वीस-वीस मिनिटांच्या सरावावर भागवू नका. पहिले आठ दिवस एकेक उतारा घ्या, तोही घड्याळ न लावता. पुढचे आठ दिवस घड्याळ लावून. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी पुरा पेपर, पुरी साठ मिनिटं, मधे न उठता.

आणि यासाठी मी एक सुचवते, हसू नका. घड्याळ सासूबाईंच्या हाती द्या. दुपारी अडीच ते साडेतीन ही वेळ ठरवा आणि त्यांना सांगा, "आई, पंधरा मिनिटं झाली की मला हाक मारा, मग तेहतिसाव्या मिनिटाला, मग छप्पन्नाव्या." बेल वाजली तर त्याच पाहतील, फोन आला तर त्याच घेतील. ज्या बाईला चार चुली सांभाळून पन्नास पानं वेळेवर वाढता येत होती, तिला घड्याळ सांभाळायला सांगणं म्हणजे मान देणंच आहे. आणखी एक होईल. साठ मिनिटांत चाळीस प्रश्न म्हणजे काय प्रकरण आहे, ते त्यांना डोळ्यांसमोर दिसेल. मग आल्या-गेल्याला सांगायची गोष्ट थोडी बदलेल, असा माझा अंदाज आहे. नाही बदलली तर निदान तुमचा तास तरी झाला.

घरी जमणारच नसेल तर वाचनालयात बसायची सोय होते का, विचारून पाहा. आपल्या भागाला त्यात काही कमी नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. नेहमी जाता-येता लोकलमध्ये सराव करा, असा सल्ला कुणी दिला तर तो माणूस सकाळी डोंबिवलीला कधी चढलेला नाही, असं खुशाल समजा. तिथे पर्स पोटाशी धरायला हात पुरत नाहीत, कागद कुठून धरणार?

सरावाच्या प्रश्नपत्रिका सोडवून नुसते गुण मोजू नका. दुधाच्या हिशेबाची वही असते तशी एक वही करा. कोणता प्रश्न चुकला, कशामुळे चुकला आणि त्यावर किती वेळ गेला, एवढं लिहा. दहा-बारा दिवसांत तुम्हालाच दिसेल की तुमचा वेळ एकाच जातीच्या प्रश्नात बुडतो आहे. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, ती शीर्षकं असावीत. तशी निघाली तर ती त्या उताऱ्यात सगळ्यांत शेवटी घ्या.

काही बारीक गोष्टी. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असं म्हटलं असेल आणि तुम्ही तीन लिहिलेत, तर उत्तर बरोबर असूनही गुण जातो. शब्द उताऱ्यातला जसाच्या तसा उतरवा, स्पेलिंग चुकलं तरी गुण जातो. परीक्षा कागदावर असेल तर उत्तरं थेट उत्तरपत्रिकेवरच लिहा. ऐकण्याच्या पेपराला उत्तरं उतरवून काढायला दहा मिनिटं वेगळी मिळतात, वाचनाला मिळत नाहीत. प्रश्नपत्रिकेवर सुबक उत्तरं लिहून ठेवलेल्या किती जणी शेवटच्या क्षणी गडबडतात! कॉम्प्युटरवर देणार असाल तर उतारा एका बाजूला आणि प्रश्न दुसऱ्या बाजूला असतात, वेळ पडद्यावर दिसते. मोबाइलवर बोट फिरवायची सवय आणि माऊस हाताळायची सवय यांत फरक आहे. परीक्षा घेणाऱ्यांच्या संकेतस्थळावर सरावाचे नमुने फुकट असतात, ते यजमानांच्या कॉम्प्युटरवर दोन-चारदा करून पाहा. कॉम्प्युटरवर परीक्षा दिलेल्यांना हल्ली एकच भाग पुन्हा द्यायची सोयही आहे. पण असा निकाल सगळीकडे चालतोच असं नाही. तुमचा अर्ज जिथे जायचा आहे तिथे तो मान्य आहे की नाही हे आधी पाहा, पैसे मग भरा.

तारीख घेताना रविवार मिळत असला तरी टाळा. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक नेमका ठाणे-कल्याणच्या मधे निघाला तर केंद्रावर पोचेपर्यंतच जीव जायचा. त्या दिवशी घरून एक नव्हे, दोन गाड्या आधी निघा. मूळ पासपोर्ट बरोबर हवाच, झेरॉक्सवर आत सोडत नाहीत. घड्याळ हातात चालत नाही, तेव्हा मनगटाकडे पाहायची सवय सरावातच मोडा आणि भिंतीवरचं पाहायला शिका. ऐकणं, वाचणं, लिहिणं हे तिन्ही पेपर सलग असतात, मधे चहाची सुट्टी नाही. सकाळी सगळ्यांचे डबे भरून स्वतः उपाशी निघायचा प्रकार त्या दिवशी नको. डबे कुणीतरी दुसरं भरेल. पोटभर पोहे किंवा उपमा खाऊन निघा, पाणी बेतानं प्या.

तारीख ठरली की एक पोस्टकार्ड टाका. आणि वाचनालयातल्या दोन कादंबऱ्या बंद करू नका. त्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, एकही ओळ न सोडता वाचा.